रानड्यांच्या घरातल्या बायका

डिसेंबर १८७३ मध्ये पुण्यात एक लग्न लागलं. नवरदेव महादेव गोविंद रानडे, सबजज्ज, वय बत्तिसाव्यात. नवरी देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर जहागीरदारांची यमुना, वय अकरा. सासरी तिचं नाव रमा ठेवलं गेलं.

त्याच वर्षी रानड्यांची पहिली पत्नी सखुबाई वारली होती. वाईच्या दांडेकरांची ही मुलगी. रानडे जेमतेम बारा-तेरा वर्षांचे असताना तिच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. संसार जवळपास वीस वर्षांचा. पण तिचं नाव, माहेर आणि आजारपण याखेरीज तिच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक पुढाऱ्यांच्या बायकांचं चरित्र एवढ्याच ओळींत संपतं.

रानडे तोवर विधवाविवाहाच्या चळवळीतलं मोठं नाव झालं होतं. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकारानं १८६९ मध्ये गाजलेला पुनर्विवाह लागला, त्यावर शंकराचार्यांचा बहिष्कार पडला, आणि १८७० मध्ये पुण्यात शास्त्रार्थ झाला. या सगळ्यात रानडे सुधारकांच्या बाजूला उभे होते. त्यामुळे आता हा मुलगा विधवेशीच लग्न करणार, अशी धास्ती त्यांच्या वडिलांना, गोविंदरावांना, पडली. मुंबईच्या मित्रांची पत्रं मुलाच्या हाती पडू नयेत म्हणून टपाल ते स्वतःकडे घेऊ लागले. घाईघाईनं स्थळ पाहिलं. मुलानं विनवण्या केल्या; पण बापाशी संबंध तुटण्याची वेळ आली तेव्हा त्यानं मान तुकवली. मुंबई-पुण्यातल्या विरोधकांना टीकेसाठी आयतंच हत्यार मिळालं, मित्रही दुखावले गेले. अकरा वर्षांच्या मुलीला यातलं काहीच कळण्यासारखं नव्हतं.

लग्नाच्या रात्री नवऱ्यानं तिला विचारलं, तुझं लग्न कोणाशी झालं आहे ते तुला ठाऊक आहे का? तिनं नाव सांगितलं. मग माहेरची चौकशी झाली आणि तिला लिहिता-वाचता येत नाही, हे उघड झालं. कुर्लेकरांच्या घरात मुलींना अक्षरओळख देण्याची रीतच नव्हती. पाटी-पेन्सिल आणवली गेली आणि मुळाक्षरं सुरू झाली.

रमाबाईंच्या चरित्राची ही सुरुवात महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ या मालिकेनं ती घराघरांत पोचवली. पण या घरात रमा एकटी नव्हती. रानड्यांची सावत्र आई होती. विधवा होऊन भावाकडे आलेली बहीण दुर्गा होती. शिवाय नात्यागोत्यातल्या, आश्रयाला राहिलेल्या बायका होत्या. सार्वजनिक सभेची राजकीय निवेदनं, दुष्काळाचे अहवाल, प्रार्थना समाजातली प्रवचनं हे सारं ज्या घरातून बाहेर पडत होतं, त्याच घराच्या आतल्या बाजूला या बायकांचं जग होतं. तिथे वेगळे कायदे चालत, आणि ते मोडण्याची ताकद हायकोर्टातही नव्हती.

त्या बायका इतक्या कडव्या का होत्या, याचं उत्तर ‘अज्ञान’ या एका शब्दात मिळत नाही. विधवेला त्या काळी ना मालमत्ता, ना मत, ना बाहेर तोंड काढायला जागा. भावाच्या किंवा पुतण्याच्या घरी दोन वेळा पान वाढलं जाई, तेही सगळ्यांचं आटोपल्यावर, आणि अनेकींना एकभुक्त राहावं लागे. तिच्या हाती सत्ता होती ती फक्त स्वयंपाकघराची. सोवळं कोणतं, ओवळं कोणतं, कोण कुठवर येऊ शकतं, कोणाचा स्पर्श चालतो, हे तीच ठरवायची. सून मड्डमेला शिवून चुलीपाशी आली तर सगळं सोवळं मोडायचं, रांधलेलं अन्न बाद व्हायचं, आणि दिवसातून एकदा जेवणारीचा तो एकमेव घासही जायचा. आयुष्यभर जे पाळलं, ज्याच्या मोबदल्यात केस दिले, रंगीत लुगडं दिलं, तेच उद्याच्या सुनेनं पुस्तकाच्या एका पानानं खोटं ठरवावं, हे कोणत्या बाईला सोसवेल? त्यांचा राग क्रूर होता, पण तो कुठून आला होता तेही लिहिलं गेलं पाहिजे.

रानड्यांनी रमाबाईंना शिकवण्यासाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या एक शिक्षिका नेमल्या. त्या घरी येत. थोरल्या बायकांना ते खपेना. टोमणे सुरू झाले, मग कामं वाढली, मग अबोला. वेळ काढायचा तो रात्री, सगळी निजानीज झाल्यावर किंवा पहाटे. नवऱ्यानं एक सूचना मात्र ठामपणे दिली होती: घरातल्या मोठ्यांना उलट बोलायचं नाही. त्यांना जे म्हणायचं ते म्हणू द्यावं, आपण आपलं काम करीत राहावं. बाहेर सरकारशी वागताना रानड्यांची जी रीत होती तीच घरातही होती. निवेदनात कडक आकडे द्यायचे, पण भाषा नरम ठेवायची. फरक इतकाच की सरकारला लिहिलेल्या निवेदनाचं उत्तर कलेक्टरकडून टपालानं यायचं, आणि घरातल्या धोरणाची किंमत एक पोरवयातली मुलगी रोज समोरासमोर मोजायची. रानड्यांचं मोठेपण मान्य करूनही हे म्हणावंसं वाटतं, की घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन शब्द सुनावण्याचं काम त्यांनी अंगावर घ्यायला हवं होतं. ते त्यांनी फारच क्वचित घेतलं.

१८७८ मध्ये बदली नाशिकला झाली. एकत्र कुटुंबाचा पसारा मागे राहिला आणि रमाबाईंना मोकळा श्वास मिळाला. लोकहितवादी गोपाळराव देशमुख तिथे न्यायाधीश होते. त्यांच्या पत्नीच्या आणि रमाबाईंच्या पुढाकारानं गावातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावण्याची टूम निघाली. बोलावणं हळदीकुंकवाचं असल्यामुळे सासवांनाही नको म्हणता येत नव्हतं. एकदा बायका जमल्या की मुलींच्या शाळेचा विषय निघे. महाराष्ट्रात पुढे स्त्रियांच्या ज्या सभा उभ्या राहिल्या त्यांची पाळंमुळं अशा समारंभांत आहेत. बायकांनी घराबाहेर जमण्यासाठी समाजानं एवढीच एक सबब मान्य केलेली होती, आणि तिचा वापर फार हुशारीनं केला गेला.

१८७९ साल वेगळंच उजाडलं. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड, पुण्यात बुधवारवाड्याला लागलेली आग, आणि सरकारच्या मनात आलेला संशय की यामागे पुण्याचे शिकलेले ब्राह्मण असावेत. रानड्यांची बदली धुळ्याला झाली. त्यांच्या नावानं येणारी पत्रं फोडून वाचली जात. फडक्यांच्या साथीदारांच्या नावानं बनावट पत्रं पाठवून त्यांची परीक्षा पाहिली गेली. अशी पत्रं आली की रानडे ती थेट पोलिसांकडे पाठवून देत. धुळ्याच्या त्या परक्या गावात, फोडलेल्या पाकिटांच्या सावटाखाली, विशीही न गाठलेली रमाबाई नवऱ्याकडून इंग्रजीचे धडे घेत होती. राजकीय कुटुंबातली बाई असणं म्हणजे काय, हे तिला पहिल्यांदा कळलं ते बहुधा इथेच.

पुण्याला परतल्यावर घरातलं युद्ध पुन्हा पेटलं. इंग्रजी शिकवायला झनाना मिशनच्या मिस हरफर्ड घरी येऊ लागल्या. शिकवणी झाली की थोरल्या बायकांचा हुकूम: मड्डमेला शिवलीस, आंघोळ कर, मगच घरात पाऊल टाक. संध्याकाळची वेळ, गार पाणी, ओली वस्त्रं. रमाबाई रोज आंघोळ करीत राहिल्या आणि अखेर तापानं अंथरूण धरलं. मग तोड निघाली, आंघोळीऐवजी लुगडं बदललं तरी चालेल. हा तह कोणत्याही चरित्रात ठळक अक्षरांत छापला जात नाही. पण त्या घरातल्या बायकांच्या दृष्टीनं तो मोठा होता. एका बाजूनं धर्माचा कोपरा थोडा सोडला, दुसऱ्या बाजूनं शिक्षण सोडलं नाही. याच हरफर्ड बाई पुढे पुण्यातल्या मुलींच्या हायस्कुलाच्या मुख्य झाल्या.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. तरुण, विधवा, संस्कृताचा अफाट व्यासंग, आणि पुरुषांच्या सभेत उभं राहून बोलण्याचं धैर्य. बायकांसाठी त्यांचं पुराण आणि व्याख्यान ठेवलं गेलं, रानड्यांची मंडळी त्यात पुढे होती, आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. रानड्यांच्या घरातल्या थोरल्या बायकांना पंडिताबाई म्हणजे घर फोडणारी बया वाटली. रमाबाई रानडे मात्र शनिवारच्या सभेला जात राहिल्या. परत आल्यावर स्वयंपाकघरात त्यांना शिवायचं नाही, वाढायला हात लावू द्यायचा नाही, अशी शिक्षा ठरलेली असे.

मग १८८४ आलं. मुलींसाठी हायस्कूल हवं, अशी मागणी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मांडायची होती. मजकूर रानड्यांनी तयार केला. तो वाचायचा मान बावीस वर्षांच्या रमाबाईंकडे आला, तोही इंग्रजीत, पुरुषांनी भरलेल्या सभेत. त्यांनी तो वाचला. सभा गाजली, शाळा निघाली, तीच पुढची हुजूरपागा. लक्ष्मी रोडवरून जाताना आजही तिचं फाटक दिसतं. पण त्या दिवशी घरी परतलेल्या रमाबाईंचं स्वागत काय झालं असेल, त्याची कल्पना करणं अवघड नाही. पुरुषांच्या गर्दीत उभं राहून इंग्रजीत बोललेली सून! दुर्गाताईंनी आणि सासूबाईंनी तोंड सोडलं; इतर बायकांनी तोंड फिरवलं. शाळेवर बाहेरून हल्ले झाले ते पुढे. टिळकांच्या ‘मराठा’ पत्रानं तिथल्या अभ्यासक्रमावर तुटून पडणारे लेख लिहिले. घरातला हल्ला मात्र त्याच संध्याकाळी झाला.

रमाबाईंच्या आठवणींतला एक प्रसंग वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. रोज रात्री नवऱ्याच्या तळपायांना तूप चोळून द्यायचं काम त्यांचं. तूप चोळणं चालू असतानाच तो झोपी जाई. एकदा, सुधारकांच्या बायका आणि सनातन्यांच्या बायका असे दोन तट पडले असताना, घरच्या दबावाला वाकून रमाबाईंनी नवऱ्याला पटणार नाही असं वागणं केलं. त्या रात्री रानडे बोलले नाहीत. रागाचा शब्द नाही, प्रश्न नाही. तूप चोळणं चालूच राहिलं, झोप दोघांनाही नाही. सासूचे शिव्याशाप कोरडेपणानं सोसणारी ही बाई त्या एका मौनानं पुरती मोडली. सकाळी त्यांनीच चूक कबूल केली. या प्रसंगाला पतिभक्तीचा नमुना म्हणून गौरवणारे आहेत. पण तो वाचताना दुसरं एक लक्षात येतं: एका बाजूला नात्यातल्या बायका, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि दोघांनाही तिनं आपल्याच बाजूला असावं असं वाटत होतं. तिची स्वतःची बाजू कोणती, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. तिनंही तो उशिरा विचारला, पण विचारला.

याच काळात अटलांटिकपलीकडे बायका काय करत होत्या, हे मराठी वाचकांना पंडिता रमाबाईंनी सांगितलं. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ च्या सुरुवातीला अमेरिकेला गेल्या. त्या वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला त्या हजर होत्या. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संस्था आणि दारूबंदीच्या चळवळी यांचं वर्णन त्यांनी मनापासून केलं; तिथल्या बाईलाही मताचा हक्क नाही, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

राजकीय घराण्यातल्या बाईच्या आठवणींचं तिथे काय होई, हे कळायला अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध राजकीय घराण्याचं आधीचं उदाहरण उपयोगी पडतं. ॲडम्स कुटुंबात सासरा जॉन दुसरा राष्ट्राध्यक्ष, मुलगा जॉन क्विन्सी सहावा. त्या मुलाची पत्नी लुइझा लंडनमध्ये जन्मलेली, त्यामुळे सासरी ती परकीच. १८१५ मध्ये ती सात वर्षांच्या मुलाला घेऊन, नवऱ्याशिवाय, बर्फातून बग्गीनं सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला गेली होती. तिनं आठवणी लिहिल्या. त्यांतल्या एका हस्तलिखिताला तिनं एका नगण्य बाईची साहसं अशा अर्थाचं नाव दिलं. तिच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची पत्नी ज्युलिया हिनंही आठवणी लिहून ठेवल्या होत्या. १९०२ मध्ये ती वारली आणि पुस्तक प्रसिद्ध झालं १९७५ मध्ये. राष्ट्राध्यक्षांच्या या दोन बायकांना स्वतःच्या आयुष्याची गोष्ट स्वतः छापता आली नाही. पुण्यातल्या एका जज्जाच्या विधवेनं ती १९१० मध्ये छापली.

रानडे आणि रमाबाई यांच्या संसारातला सगळ्यात आनंदाचा काळ मात्र पुण्यात गेला नाही. १८८६ मध्ये भारत सरकारनं खर्चाची छाननी करण्यासाठी नेमलेल्या फायनान्स कमिटीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि दोघं सिमला, कलकत्ता अशी फिरली. सिमल्याला जायचं तर तेव्हा रेल्वे अंबाल्यापर्यंतच होती. काल्क्यापर्यंत रूळ आले ते १८९१ मध्ये. अंबाल्याहून पुढे डाकगाडी, मग डोंगरात टांगा.  सासुरवास पहिल्यांदाच इतका लांब राहिला होता, आणि रमाबाईंना हायसं वाटत होतं.

कलकत्त्याला गेल्यावर नवऱ्याच्या मनात आलं, रमाबाईंनी बंगाली शिकावी. त्यासाठी पुस्तकं आणली गेली, पण शिकवणार कोण? त्यांना शिकवायचं म्हणून रानडे स्वतःच आधी बंगाली शिकू लागले. सकाळी दाढी करायला न्हावी येई. एक दिवस रमाबाईंनी आतून पाहिलं तर काय, तोंडाला साबण लावलेले हायकोर्टाच्या तोडीचे न्यायाधीश बंगालीचं पुस्तक हातात धरून मोठ्यानं वाचताहेत, आणि वस्तरा थांबवून न्हावी अडलेला शब्द सांगतो आहे. रमाबाईंनी थट्टा केली. त्यावर दत्तात्रेयानं चोवीस गुरू केले, मला न्हावी गुरू का चालू नये, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. पुण्याच्या वाड्यात अशा हसण्याला जागा नव्हती. तिथे नवरा-बायकोनं दिवसा एकमेकांशी बोललेलंही मोजलं जाई.

४ ऑक्टोबर १८९० ला पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं देण्यात आली. हजर असलेल्या हिंदूंत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात फोडली. मग शंकराचार्यांचं कमिशन, चौकशी, ग्रामण्य. वर्तमानपत्रांतल्या वादात पुरुषांची नावं आहेत. बहिष्काराचा भार मात्र घरातल्या बायकांवर पडतो. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. मंगळागौरीला सवाष्ण येईना. सासरी असलेल्या मुलींना माहेरी पाठवायला व्याही तयार होईनात. ज्या घरांना नातेवाइकांच्या दबावामुळे वाळीतपणा सहन होत नव्हता, त्यांच्यासाठी रानड्यांनी १८९२ मध्ये लोणावळ्याहून पुण्याला येऊन प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांत हळहळ झाली, आणि रमाबाईंनाही ते रुचलं नाही. आयुष्यभर ज्या सोवळ्यासाठी आपण आंघोळी केल्या त्यापुढे नवऱ्यानं मान तुकवावी, हे त्यांना बोचलं. आपल्या आठवणींत त्यांनी ते लपवलं नाही. या एका कबुलीमुळे त्यांचं पुस्तक निव्वळ पतिचरित्र राहत नाही.

१८९३ मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंगांच्या मृत्यूनंतर रानडे न्यायाधीश म्हणून मुंबई हायकोर्टात गेले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावर धर्मांतराचे आरोप झाले, आणि सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. १८८२ मध्ये ज्या घरात पंडिताबाईंचं स्वागत झालं त्या घराचा आणि त्यांचा संबंध अशा रीतीनं सुटला.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई एकोणचाळिशीच्या उंबऱ्यावर होत्या. पोटी मूल नव्हतं. ज्या प्रकारच्या आयुष्याशी त्या दुर्गाताईंच्या रूपानं सत्तावीस वर्षं झगडल्या होत्या, तेच आता त्यांच्या वाट्याला आलं: विधवेचं. त्या पुण्याला मंडईजवळच्या जुन्या घरात येऊन राहिल्या. काही दिवस शोकात गेले, आणि मग त्यांनी असं काही केलं की ज्याची नवऱ्यानं सूचनाही दिलेली नव्हती. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या वेळी भरलेल्या भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या. समाजसुधारक मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं होतं, त्याची शाखा रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केली. गोपाळ कृष्ण देवधरांची त्यांना साथ मिळाली. पुढे ती संस्था स्वतंत्र झाली.

सेवासदनात कोण येत? विधवा. टाकलेल्या. घरी जड झालेल्या. म्हणजे रानड्यांच्या वाड्यात माजघरात बसून जी माणसं रमाबाईंना बोल लावायची, त्यांच्याच जातीच्या, त्यांच्याच दशेच्या बायका. रमाबाईंनी त्यांना शिवण दिलं, भरतकाम दिलं, लिहिणं-वाचणं दिलं. ससून हॉस्पिटलच्या मदतीनं परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा ब्राह्मण घरातली विधवा परपुरुषाच्या जखमा बांधणार, परजातीच्या रोग्याला शिवणार, या कल्पनेनंच पुणं हादरलं. सोवळ्याचा जो कायदा रमाबाईंना एकेकाळी ओल्या लुगड्यानिशी उंबऱ्याबाहेर उभा करत होता, तो तिथे रुग्णाच्या खाटेपाशी मोडला. ते मोडण्याचं काम विधवांच्याच हातून झालं, आणि त्यासाठी त्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे मिळू लागले. आपल्या नणंदेला कोणी असं काही शिकवलं असतं तर तिचं आयुष्य कसं झालं असतं, असा विचार रमाबाईंच्या मनात आला असेल का? आला असेलच.

१९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ निघालं. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. नाव अगदी नम्र, आणि पुस्तकाचा बराचसा भाग नवऱ्याचा मोठेपणा सांगण्यात गेलेला. तरीसुद्धा त्यातल्या घरगुती पानांनी मराठी गद्यात एक दार उघडलं. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ ही पुस्तकं त्यानंतरची. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई १९१२ मध्ये गेल्या तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. सत्यभामाबाईंनी आपली गोष्ट लिहिली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या राजकारणाचा इतिहास लिहिताना एका घराचं स्वयंपाकघर आपल्याला आतून दिसतं, शेजारच्या घराचं दिसत नाही. सासूबाई आणि दुर्गाताई यांचा आवाज तर आपल्याला फक्त त्यांच्या सुनेच्या आणि भावजयीच्या तोंडून ऐकू येतो. तिनं तो शक्य तितका न्यायानं नोंदवला हे खरं, पण त्या बायका स्वतःची बाजू कशी मांडत असत्या हे कायमचं अंधारात राहिलं.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा कमी, म्हणून आधी मुलगे, मुलींचं नंतर पाहू, असं म्हणणारे पुष्कळ होते. टिळकही त्या बाजूला होते. साठीकडे झुकलेल्या रमाबाईंनी बायकांची मिरवणूक काढली. ज्या शहरात १८८४ मध्ये एका बाईनं सभेत कागद वाचला म्हणून घरोघरी चर्चा झाली होती, त्याच शहराच्या रस्त्यांतून सुना आणि सासवा एकत्र चालत गेल्या.

१९२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती संमत झाली. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानं १९२१ मध्ये मतदार यादीतली स्त्रियांवरची बंदी उठवली. त्या मागणीसाठी रमाबाईंनी आपलं वजन खर्च केलं होतं. मात्र मतासाठी मालमत्तेची, सारा किंवा कर भरण्याची अट पुरुषांसारखीच बायकांनाही होती. १९२४ मध्ये रमाबाई वारल्या. त्या वेळी त्यांच्या सेवासदनात मशीनवर पोलकी शिवून आणि ससूनमध्ये रात्रपाळी करून पोट भरणाऱ्या बहुसंख्य विधवांच्या नावावर ना जमीन होती ना घर, आणि मतदार यादीत त्यांचं नाव नव्हतं.